मालकी एकीची, घर दुसऱ्याचं

उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा हेलेवीने आधी कात्रीला बोल लावला. मग दुकानातल्या खुर्चीच्या उंचीला, मग कोत्का बंदरावरून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्याला. शेवटी डॉक्टरांनी तिचा हात धरून वर-खाली फिरवून पाहिला आणि म्हणाले, "आयुष्यभर हात हवेत धरून केस कापलेत तुम्ही. खांदा झिजलाय. ऑपरेशन करता येईल. पण म्हातारपणापर्यंत सकाळ-संध्याकाळ हेच काम? ते डोक्यातून काढून टाका."

हेलेवी घरी आली, कॉफी ठेवली आणि खिडकीशी बसून राहिली. बाजाराच्या चौकाजवळ तिचं केस कापायचं छोटं दुकान होतं. दोन खुर्च्या, डोक्यावर टोपासारखं बसणारं केस वाळवायचं एक जुनं यंत्र, आणि दाराला घंटा. नवरा कधीच दुसरीकडे संसार थाटून मोकळा झाला होता, मूलबाळ नव्हतं. पन्नाशी उलटली होती. हात थांबले की पैसे थांबणार, हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती.

तिच्याकडे एकच पुंजी होती. वडील गेल्यावर बेटावरची त्यांची उन्हाळी झोपडी तिने आणि भावाने मिळून विकली होती, त्यातला तिचा निम्मा वाटा. भाऊ ओस्मो बंदरात क्रेन चालवायचा. त्याने आपल्या वाट्याची बोट घेतली आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती खडकावर घासून आणली. हेलेवीचा वाटा बँकेत जसाच्या तसा पडून होता.

"एक छोटी खोली घेते," तिने ओस्मोला सांगितलं. "काही बँकेचं कर्ज, काही माझे. भाड्याने द्यायची. माझ्या हातांऐवजी भिंती कमावतील."

ओस्मो खदखदून हसला. "तू घरमालकीण? अगं, गिऱ्हाईक पाकीट घरी विसरलो म्हणालं की तूच त्याला बसच्या तिकिटाचे पैसे देतेस!"

"एकदाच दिले होते."

"मला माहीत आहेत तेच दोनदा आहेत."

तो चेष्टा करत होता, पण बोलला ते काही खोटं नव्हतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत हेलेवीला जे शिकावं लागलं त्यातलं बरंचसं त्या चेष्टेतच होतं.

तिला घर दाखवायला दलाल घेऊन गेला तो दिवस ऐन मार्चमधला, लख्ख उन्हाचा. चौथा मजला, एक खोली, कोपऱ्यात ओटा, आणि बाल्कनी. बाल्कनीत उभं राहिलं की खाली बर्फ फुटत चाललेला समुद्र आणि बंदरातल्या क्रेनच्या रांगा. बाथरूमला नव्याकोऱ्या मोरपंखी टाइल्स. हेलेवीने त्यांवरून हात फिरवला आणि मनातल्या मनात तिथे पांढरा टॉवेलही अडकवला. आपण इथे राहायला येणार नाही आहोत, हे ती पार विसरली. खाली उतरेपर्यंत तिचा होकार देऊन झाला होता.

ही गोष्ट आयली सुतिनेनच्या कानावर गेली ती घराचे व्यवहार पुरे झाल्यावर. आयली तिची जुनी गिऱ्हाईक. ऐंशीच्या आसपासची, काठीसारखी ताठ, जन्मभर रेल्वेच्या तिकीट खिडकीत बसलेली. पगारातून एकेक करत तिने गावात तीन लहान घरं घेतली होती आणि त्यांच्या भाड्यावर ती आता आरामात राहत होती. दर दीड-दोन महिन्यांनी ती केस कुरळे करायला यायची. यंत्राखाली बसली की तिला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा नाही, म्हणून ती ओरडून बोलायची आणि रस्त्यावरच्या लोकांनाही सगळं कळायचं.

"घर घेतलंस? आणि मला न विचारता?"

"तुम्ही बहिणीकडे गेला होतात, आयलीबाई. आणि दलाल म्हणाला की दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

"दलालाकडे दुसरं गिऱ्हाईक कायमच तयार असतं. कितवा मजला?"

"चौथा. बाल्कनीतून समुद्र दिसतो!"

"समुद्र भाडं देतो का?" आयली ओरडली. बाहेरून जाणारा एक माणूस दचकून आत बघू लागला. "इमारत कधीची?"

"साठच्या दशकातली असेल."

"मग पाइप बदललेत?"

"बाथरूमला टाइल्स अगदी नव्या आहेत. मोरपंखी. इतक्या सुंदर..."

आयलीने दोन्ही हातांनी यंत्राचा टोप वर ढकलला. तिच्या डोक्यावर सगळीकडे केस गुंडाळलेले गुलाबी रूळ होते. "मी टाइल्स विचारल्या का तुला? टाइल्सच्या मागे काय आहे ते विचारतेय. अशा जुन्या इमारतींचे नळ आणि सांडपाण्याचे पाइप एक दिवस सगळे उपटून नवे घालावे लागतात. भिंती फोडून. खर्च सोसायटी घर-घर वाटून वसूल करते. झालंय का ते काम?"

"विचारलंच नाही मी," हेलेवी म्हणाली. हे तिला माहीत नव्हतं असं नव्हे. ती स्वतः राहायची त्या इमारतीत हे काम होऊन गेलं होतं. फक्त बाल्कनीत उभं असताना तिच्या ते मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम त्या इमारतीकडे गेली. वाट झाडणारा रखवालदार फाटकाशीच भेटला.

"पाइप?" तो म्हणाला. "बाई, ते बांधलं तेव्हाचेच आहेत. दर वर्षी मीटिंगमध्ये विषय निघतो, दर वर्षी पुढे ढकलतात. पण आता किती दिवस ढकलणार?" मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने विचारलं, "घ्यायच्या आधी का नाही आलात? मी तर रोज इथेच असतो."

पण घर घेतलं होतं आणि बँकेचा हप्ता सुरू झाला होता. आता भाडेकरू हवा होता.

आला तो राइमो. बोटींची इंजिनं विकायचा, मिशा झुबकेदार, आवाज कमावलेला. घर बघायला येताना तो धुरावलेला मासा कागदात गुंडाळून घेऊन आला. त्याने बाल्कनीत उभं राहून लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "हेलेवी, तुम्ही घर नाही, आयुष्य भाड्याने देताय." हेलेवी लाजली. तरीही तिने आयलीचं ऐकून एक गोष्ट केली: राइमो तेव्हा जिथे राहत होता त्या घरमालकाला फोन लावला. मालकाने तोंडभरून कौतुक केलं. असा सज्जन माणूस मिळायला नशीब लागतं म्हणाला. हेलेवी निश्चिंत झाली. राइमोने डिपॉझिट निम्मंच दिलं आणि उरलेलं पुढच्या महिन्यात देतो म्हणाला. हेलेवीने तेही मान्य केलं.

पहिलं भाडं वेळेवर आलं. दुसरं उशिरा आलं. तिसऱ्याच्या वेळी एका गिऱ्हाइकाने इंजिनाचे पैसे बुडवले होते. हेलेवी मागायला गेली की राइमो कॉफी करायचा, बंदरातल्या गमती सांगायचा, कॅप्टनांच्या नकला करायचा. हेलेवी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची आणि रिकाम्या हाताने परत यायची.

"भाडं आणायला गेलीस आणि हसून आलीस," ओस्मो म्हणाला. "त्यापेक्षा नाटकाचं तिकीट स्वस्त पडलं असतं."

आयलीने तर कपाळालाच हात लावला. "फोन कुणाला केला होतास?"

"त्याच्या घरमालकाला. तुम्हीच तर सांगितलं होतं!"

"ज्याच्या घरात तो तेव्हा राहत होता त्याला?"

"हो."

"अगं वेडे! त्याला तर तो बाहेर जायला हवा होता. तो कशाला वाईट बोलेल? त्याच्या आधीच्या मालकाला विचारायचं. ज्याचा आता काही संबंध उरला नाही, तोच खरं बोलतो."

हेलेवीला रडू आलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. राइमोवर तिला धड चिडताही येत नव्हतं. शेवटी आयलीने दुकानातच तिला बसवून नोटीस लिहायला लावली, फक्त दोन वाक्यांची. हेलेवीने तिसरं लिहिलं होतं, 'वाईट वाटून घेऊ नका' असं. ते आयलीने खोडलं. "त्याला वाईट वाटत नाहीये. तुला वाटतंय," ती म्हणाली.

राइमोने नोटीस हसतमुखाने घेतली. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं नाही, एवढंच नशीब. महिन्याअखेरीस तो निघून गेला, चावी पत्रपेटीत टाकून. त्याचं थकलेलं भाडं निम्म्या डिपॉझिटमधून भागण्यासारखं नव्हतं. घरात पाऊल टाकताच हेलेवीला खोकला आला. राइमो रोज आत बसूनच सिगारेटी ओढत असणार. भिंती पिवळ्या पडल्या होत्या, आणि जिथे चित्रं टांगलेली होती तिथे पांढरे चौकोन उरले होते.

शनिवारी ओस्मो रंगाचे डबे आणि रोलर घेऊन न सांगता आला. दोघांनी मिळून भिंती घासल्या. हेलेवीचा हात वर जात नव्हता, म्हणून ती खालचा भाग करायची आणि ओस्मो वरचा. 

"विकून टाकू का रे?" शेवटी तिने विचारलं.

ओस्मोने रोलर थांबवला नाही. "आता विकलंस तर तोटाच होईल. आणि तुला काय, पुन्हा केस कापत बसायचंय? चांगला माणूस शोध. मिशीवाला नको."

दुसऱ्या खेपेला आलेला माणूस राइमोच्या अगदी उलट होता. तुओमो नावाचा, चाळिशी ओलांडलेला, कागद कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करणारा. बायकोशी फारकत झाली होती. घर बघताना तो बाल्कनीत गेलाच नाही. त्याने नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला, खिडकी बंद करून रस्त्याचा आवाज ऐकला आणि विचारलं, "दिवसा झोपायचं असतं. शेजारी पियानो वगैरे वाजवतात का?"

या वेळी हेलेवीने तुओमो आता राहत होता त्याच्याही आधीच्या घराच्या मालकिणीला गाठलं. ती बाई फोनवर जरा घुटमळली. "तुओमो ना? होता खरा. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं असं काही नाही बाई."

हेलेवीने हिरमुसून हे आयलीला सांगितलं, तर आयली यंत्राखालून टाळ्या वाजवू लागली. "हेच तर ऐकायचं असतं! घे त्याला. आणि डिपॉझिट पुरं घे, चावी त्यानंतर."

हेलेवीने तसं केलं. पुरं डिपॉझिट मागताना ती करारावरच नजर ठेवून होती. तुओमोने मात्र मान डोलावली आणि तिथेच फोनवरून पैसे पाठवले. मागायला इतकं सोपं असतं, याचंच तिला नवल वाटलं.

भाडं ठरल्या दिवशी येऊ लागलं. पण एकदा पोळलेल्या हेलेवीचं मन शांत नव्हतं. दुकानातून घरी जाताना ती वाट वाकडी करून त्या इमारतीवरून जायची आणि चौथ्या मजल्याकडे बघायची. पडदे कायम बंद. भर दुपारी बंद. आत काय चाललं असेल? भिंती पुन्हा पिवळ्या झाल्या असतील का? सामान मोडलं असेल का? गिऱ्हाइकाचे केस कापतानाही तिच्या डोळ्यांसमोर तेच पडदे असायचे.

मे महिन्यात एका दुपारी ती चावी घेऊन गेली. मनाशी कारण तयार होतं: रेडिएटरचा नॉब तपासायचा. तिने दारावर अगदी हळू टकटक केली, जणू उत्तर येऊ नये म्हणूनच, आणि कुलूप उघडून आत शिरली.

आत अंधार होता. हवा स्वच्छ होती, साबणाचा वास येत होता. भिंती पांढऱ्याशुभ्र. ओट्यावर धुतलेला एक कप पालथा. ती रेडिएटरपाशी वाकली तोच कोपऱ्यातल्या पलंगावरून कुणीतरी धडपडत उठलं. अंगाभोवती पांघरूण गुंडाळलेला, केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले.

"कोण आहे?"

"मी. हेलेवी. नॉब बघायला आले होते."

तुओमो तिच्याकडे बघत राहिला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "मी सकाळी कारखान्यातून आलो. आत्ताच डोळा लागला होता. नॉब नीट आहे."

"माझं घर आहे, म्हणून म्हटलं एकदा..."

"मालकी तुमची आहे," तुओमो म्हणाला. "घर माझं आहे. यायचं असेल तर आधी फोन करा. मी नाही म्हणणार नाही. पण असं येऊ नका."

जिना उतरताना तिचे कान तापले होते. रस्त्याला लागेपर्यंत तिच्या शरमेचा राग झाला. हप्ता मी भरते, मेंटेनन्स मी भरते, आणि हा मला माझ्याच दारातून घालवतो! हे तिने आयलीला तावातावाने सांगितलं. आयली आपली बाजू घेईल अशी तिची खात्री होती.

"तर मला सांगा, ते घर माझं आहे की नाही?"

"नाही," आयली म्हणाली.

हेलेवीचा कंगवा हवेतच राहिला.

"भाडं घेतलंस ना? मग तू ते घर त्याला दिलंस. दर महिन्याला नव्याने देतेस. तुझ्याकडे उरतात भिंती आणि पाइप. आतलं सगळं त्याचं." आयली आरशातून तिच्याकडे बघत होती. या वेळी ती ओरडत नव्हती. "माझी पहिली भाडेकरीण गावाला गेली होती, तेव्हा मी तिच्या खोलीत जाऊन नवे पडदे लावून आले. छान फुलाफुलांचे. वाटलं, खूश होईल. ती परत आली आणि पडदे बघून रडायला लागली. मला कळेचना का. घरी येऊन आठवडाभर विचार केला तेव्हा कळलं."

"मग काय केलंत?"

"पडदे काढून आणले. आणि पुन्हा कधी पाऊल टाकलं नाही, बोलावल्याखेरीज."

हेलेवीने दुसऱ्या दिवशी तुओमोला फोन केला. काय बोलायचं ते तिने आधी आरशासमोर उभं राहून ठरवलं होतं, पण प्रत्यक्षात एवढंच म्हणाली, "परवा चुकलं माझं. पुन्हा नाही होणार."  मग तुओमो म्हणाला, "रविवारी मला सुटी आहे. कॉफीला या. एक गोष्ट दाखवायची आहे."

ती वेलची घातलेले बन घेऊन गेली आणि बेल वाजवून थांबली. तुओमोने दार उघडलं. तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता. कॉफी झाल्यावर त्याने ओट्याखालचं कपाट उघडलं. आत एक वाडगा ठेवलेला होता, अर्धा भरलेला. मागच्या भिंतीतून पाणी ठिबकत होतं आणि भिंत फुगली होती.

"कधीपासून?"

"आलो तेव्हापासून. तेव्हा थेंब-थेंब होतं. आता वाढलंय."

"मग सांगितलं का नाही?"

तुओमोने खांदे उडवले. "आधीच्या एका मालकाला असंच सांगितलं होतं, तर तो म्हणाला मीच मोडलं. म्हटलं, आपण वाडगा ओतत राहू."

हेलेवी त्या फुगलेल्या भिंतीकडे बघत बसली. चावी घेऊन चोरासारखी आली तेव्हा तिला यातलं काहीच दिसलं नव्हतं. दिसलं ते घरात राहणाऱ्याने बोलावून दाखवल्यावर. अजून काही महिने तो गप्प राहिला असता तर खालच्या मजल्याचं छत कोसळायची वेळ आली असती.

"मोडलं कुणी नाही," ती म्हणाली. "पाइप म्हातारे झालेत. आजच रखवालदाराला सांगते. आणि यापुढे काही झालं तर मला कळवा. नाटकं नाही करणार मी."

रखवालदार आला, त्याने भिंतीला कान लावला, मग थोडी फोडून पाहिली. मग सोसायटीचा माणूस आला. ठिगळ लावलं, पण सगळ्यांना कळून चुकलं की आता टाळता येणार नाही. जूनमध्ये तळघरात, सौनाच्या वाफघराशेजारच्या खोलीत मीटिंग भरली. बाकांवर बहुतेक म्हातारी मंडळी, हातात कॉफीचे कागदी कप.

"आमच्या हयातीत कशाला?" दुसऱ्या मजल्यावरची एक आजी म्हणाली. "आम्ही गेल्यावर करा खुशाल."

"आजी, पाइप तुमच्यासाठी थांबायला तयार नाहीत," रखवालदार दारातून म्हणाला, आणि सगळे हसले.

हेलेवी अशा सभांमध्ये कधी बोलली नव्हती. पण ती उठून उभी राहिली आणि तिने आपल्या ओट्याखालची भिंत कशी फुगली ते सांगितलं. "मला हे काम परवडत नाही," ती शेवटी म्हणाली. "पण न करणं त्याहून परवडणार नाही." हात वर झाले. काम मंजूर झालं.

त्या सप्टेंबरपासून नाताळच्या तोंडापर्यंत इमारतीच्या ज्या बाजूला तिचं घर होतं तिथे पाणी नसणार होतं. नळ नाही, संडास नाही, भिंती उघड्या. अंगणात कामगारांसाठी असतात तसे प्लास्टिकचे फिरते संडास ठेवणार होते. सोसायटीने कर्ज काढलं आणि हेलेवीचा महिन्याचा मेंटेनन्स बराच फुगला. त्याच हिवाळ्यात तिच्या खांद्याचं ऑपरेशनही ठरलं होतं.

"आता भाडेकरूला काय सांगू?" तिने आयलीला विचारलं.

"तो सोडून जाऊ शकतो. कायद्याने त्याला भाड्यात सूटही मिळते. तू त्याने मागायच्या आधीच दे."

"पण मलाच पैसे लागणार आहेत आता!"

"म्हणूनच. तो गेला तर फुटक्या भिंतींचं घर दुसरा कोण घेणार? काम संपेपर्यंत शून्य. आणि नंतर नवा माणूस शोधायचा, पुन्हा एखादा मिशीवाला गळ्यात पडायचा." आयलीने बोटांवर हिशेब मोजला. "आणि काम संपलं की दर महिन्याच्या भाड्यातून थोडं बाजूला काढायला लाग. त्याला हात लावायचा नाही. घराला दरवर्षी काहीतरी होतंच. कुठल्या वर्षी काय, एवढंच माहीत नसतं."

हेलेवीने तुओमोला निम्मं भाडं सांगितलं. तो विचारात पडला. "राहता येईल," तो म्हणाला. "आंघोळ कारखान्यात उरकतो. प्यायचं पाणी तेवढं कुठूनतरी आणावं लागेल. सुटीच्या दिवशी जरा पंचाईत."

"माझ्या दुकानात या. पाणी तिथे भरपूर आहे."

मग त्या शरदात दर शनिवारी सकाळी तुओमो प्लास्टिकचे कॅन घेऊन दुकानात यायचा. कॅन भरायचा, आणि केस धुवायच्या बेसिनशी वाकून स्वतःचं डोकं धुवायचा. आयली एकदा तेव्हाच बसलेली होती. तिने यंत्राखालून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ओरडून विचारलं, "हाच का तो? सांगण्यासारखं काही नसलेला?" तुओमो लालबुंद झाला. हेलेवीला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण मग तुओमोच हसला, आणि तिने त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

ऑक्टोबरमध्ये मोरपंखी टाइल्स फुटून राडारोडा टाकायच्या लांब नळकांड्यातून खाली कचऱ्याच्या डब्यात पडल्या. हेलेवी अंगणात उभी राहून बघत होती. आपल्याला हळहळ वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटली नाही. नव्या टाइल्स निवडायला सांगितल्या तेव्हा तिने साध्या पांढऱ्या घेतल्या, एखादी फुटली तर तशीच दुकानात मिळेल अशा.

पैशांची ओढाताण झाली. तिने ऑपरेशन वसंतावर ढकललं आणि शनिवारीही पूर्ण दिवस दुकान उघडं ठेवलं. हात वर करताना तिचा चेहरा कसा होतो ते तुओमोने बेसिनवरून मान वर करताना पाहिलं. जाताना तो म्हणाला, "मी पाऊण भाडं देऊ शकतो. ओव्हरटाइम मिळालाय."

एके काळी तिने हे भरभरून आभार मानत स्वीकारलं असतं, किंवा रडत नाकारलं असतं. आता ती म्हणाली, "निम्मं ठरलंय तर निम्मंच. पाणी आलं की पुरं." तुओमोने मान डोलावली आणि कॅन उचलले.

नाताळच्या आधी पाणी आलं. पुढच्या महिन्यात पुरं भाडं आलं. एप्रिलमध्ये तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि दुकान कित्येक आठवडे बंद राहिलं. ओस्मो सूप घेऊन यायचा आणि मीठ कमी पडलं की स्वतःच कुरकुरायचा. त्या दिवसांत बँकेच्या हप्त्याची तिला एकदाही धास्ती वाटली नाही. भाडं आपलं वेळेवर येत होतं. दुकान पुन्हा उघडलं ते आठवड्यातून तीनच दिवस. मेंटेनन्स आणि हप्ता जाऊन हातात उरायचं ते थोडंच, पण त्यातलं थोडं ती बाजूलाही टाकत होती.

आणखी दोन वर्षांनी तुओमोने फोन केला. कुवोला गावात त्याला एक बाई भेटली होती, तिच्याकडे राहायला जायचं होतं. त्याने ठरल्याप्रमाणे आधी नोटीस दिली, घर घासूनपुसून ठेवलं. हेलेवीने ओट्याखालचं कपाट उघडून पाहिलं, नळ पाहिले, आणि त्याच दिवशी डिपॉझिट परत केलं.

"सुखी राहा," ती म्हणाली.

"तुम्ही पण. आणि पुढचा माणूस रात्रपाळीवाला असला तर..."

"फोन करीन," ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

त्याच सुमारास आयलीने आपली घरं विकायला काढली. "माझ्याने आता जिने चढवत नाहीत," ती म्हणाली. त्यातलं एक तिने हेलेवीला दाखवलं. तळमजला, खिडकीबाहेर सायकली ठेवायची शेड, पलीकडे कचऱ्याची खोली, भिंती फिक्कट तपकिरी. इस्पितळाच्या अगदी जवळ. पाइप नवे.

"किती कुरूप आहे हो," हेलेवी म्हणाली.

"एक महिनासुद्धा कधी रिकामं राहिलेलं नाही. भाव बाजारातलाच. मैत्री वेगळी, सवलत मिळणार नाही."

हेलेवीने तीन दिवस विचार केला. रखवालदाराला भेटली, सोसायटीच्या मागच्या मीटिंगांची चौकशी केली, बँकेत जाऊन नवं कर्ज झेपेल का ते पाहिलं, आणि मग हो म्हणाली. घरात भाडेकरू होतीच: कर्तू, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करणारी, साठीला टेकलेली. आयलीने फोन करून वेळ ठरवली आणि दोघी तिला भेटायला गेल्या.

कर्तूने सॅल्मन माशाचं सूप केलं होतं. पण वाढण्याआधीच तिने हात पुसत विचारलं, "नवीन मालकीण म्हणजे भाडं वाढणार, होय ना?"

"या वर्षी नाही," हेलेवी म्हणाली. "पुढच्या वर्षी करारात लिहिलंय तेवढंच. आणि ते शरदातच कळवीन, तुम्हाला ठरवायला वेळ मिळेल असं."

कर्तूने तिच्याकडे नीट पाहिलं, मग आयलीकडे. आयली सूप फुंकत होती.

"मग एक सांगते," कर्तू म्हणाली. "झोपायच्या खोलीतल्या खिडकीची कडी हलते. वारा आला की रात्रभर खडखडते. इतके दिवस कापडाचा तुकडा लावून ठेवलाय."

हेलेवी उठून बघून आली. मग खाली बसून सूप संपवलं, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. परत जाताना तिने लोखंडी सामानाच्या दुकानातून तशीच कडी घेतली आणि घरी पोहोचल्यावर कर्तूला फोन लावला. गुरुवारी चार वाजता येऊ का, असं विचारलं. गुरुवारी नको, शुक्रवारी या, असं पलीकडून उत्तर आलं. "शुक्रवारी मग," हेलेवी म्हणाली.